प्रतिसाद: युरिमॅक्स परदेशात कोणत्या नावाने मिळेल?

बाबांचं युरिमॅक्स (प्रोस्टेट वाढल्यावर लघवी मोकळी व्हायला देतात ते औषध) परदेशात कोणत्या नावाने मागायचं, असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेत ‘फ्लोमॅक्स’ मागा, हा एकाने दिलेला सल्ला अर्धाच बरोबर आहे. तिथे त्यातला घटक युरिमॅक्ससारखाच, टॅम्सुलोसिन, पण इटलीत फ्लोमॅक्स नावाखाली मॉर्निफ्लुमेट हे सूज उतरवणारं भलतंच औषध विकलं गेलंय! युरोपात बऱ्याच ठिकाणी ‘ओम्निक’, जपानमध्ये ‘हार्नाल’. जपानमधला नेहमीचा डोस ०.२ मिग्रॅ, आपल्याकडे ०.४, म्हणजे नुसत्या नावावर जाऊ नका. चिठ्ठीवर घटक आणि मिलिग्रॅम लिहून घ्या.

बाबांची पट्टी ‘युरिमॅक्स-डी’ असेल तर त्यात ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट लहान करणारं औषध) ०.५ मिग्रॅही असतं. साधं टॅम्सुलोसिन घेतलं की ड्युटास्टेराइड राहून जातं. कॅप्सूल फोडून द्यायची नाही, औषध एकदम सुटून चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, या औषधाने ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसू शकते.