पेशीच्या न्यूक्लियसमध्ये (केंद्रकात) गुणसूत्रं रांगेत उभी असतात का?

बारावीला शिकवते. पुस्तकात ४६ गुणसूत्रं जोडीजोडीनं मांडलेली. एका पोरानं विचारलं, "मॅडम, आतपण अशीच असतात?" काय सांगू?

उत्तर १: छे! चाळीसारखं, ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं. भिंती मात्र नाहीत, कडेला सरमिसळ होतेच.

उत्तर २: १३, १४, १५, २१, २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचं बघा. रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएची बहुतेक जनुकं यांच्या आखूड भुजांवर, म्हणून ही गुणसूत्रं न्यूक्लिओलसपाशी, म्हणजे न्यूक्लियसमधल्या रायबोसोम घडवणाऱ्या जागेपाशी जमतात, चाळीच्या नळावर जमावं तशी. अशी शेजारी असली की कधी दोन चिकटतातही. लॅबमध्ये कॅरिओटाइप (पुस्तकातल्यासारखी गुणसूत्रांची जोडीवार मांडणी) लावताना एकदा ४५च भरली. पुन्हा मोजली, तरी ४५. मग दिसलं: १३ आणि १४ एकमेकांना चिकटलेली! माणूस ठणठणीत, तपासणी वारंवारच्या गर्भपातांमुळे.

प्रश्नकर्ती: अगंबाई! उद्या फळ्यावर आधी नळच काढते.