आई दोनदा पडली – नक्की काय तपासायचं?

मंडळी, सल्ला हवा आहे. आई ७४ वर्षांची, अमळनेर तालुक्यात गावी असते. मी पुण्यात. घरात ती आणि काकू, दोघीच.

जूनपासून आई दोनदा पडली. पहिल्यांदा मोरीत. तेव्हा सगळ्यांनी ओल्या शहाबादीला दोष दिला आणि मी लगेच खरखरीत फरशी बसवून घेतली. दुसऱ्यांदा मात्र कोरड्या ओट्यावर. पहाटे खाटेवरून उठली, दोन पावलं टाकली आणि तोल गेला. मनगटाला प्लास्टर आहे. फोनवर विचारलं की एकच, "काही नही व्हयनं माले, पाय सटकना."

मागच्या आठवड्यात गावी राहून आलो आणि आता 'पाय सटकना'वर माझा विश्वास उरला नाही. बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक लघवी जास्त करणारी, आणि ती घेते रात्री जेवल्यावर! शुगरची एक. शिवाय झोपेची एक, जी तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. रात्री तीनदा उठते, संडास परसात, वाटेत दोन उंबरठे आणि लाइट गेली की काळोख. पायातली स्लिपर गळून पडते तरी तिला कळत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन 'दिवाळीनंतर'. आता धास्तीने चालणंही सोडलंय, दिवसभर खाटेवर.

बीपीची एक गोळी बंद करून पाहू का? आधी कोणाला दाखवू, हाडांच्या डॉक्टरांना की मेंदूच्या? आणि काठी कशी गळी उतरवू? "काठी लिसन फिरू का मी?" म्हणते.

प्रतिसाद १
गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोपेची तर एकदम मुळीच तोडू नका, ती डॉक्टर हळूहळू उतरवतात. आईंना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. शेजारी कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना पडण्याचं कारण तिथे असू शकतं. आकडे आणि सगळी औषधं घेऊन आधी फिजिशियनकडे जा. लघवीची गोळी सकाळी चालेल का, तेही विचारा.

प्रतिसाद २
चप्पल गळलेली कळत नाही म्हणजे शुगरमुळे तळपायाची संवेदना गेली असेल, ती तपासून घ्या. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ व्हिटॅमिन पण, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. मागे पट्टा असलेली सँडल आणा. दुसरं, उभ्या उभ्या पडून या वयात मनगट मोडलं तर हाडं ठिसूळ झालीत का ते बघायलाच हवं. प्लास्टर काढून विषय संपवू नका, पुढचं पडणं खुब्यावर येऊ शकतं. आणि खाट सैल आहे का? आमच्या आजीच्या खाटेची झोळी झाली होती, उठताना गुडघे छातीला लागायचे. ताणून घेतली, निम्मा त्रास गेला.

धागाकर्ता
काकूने आज सकाळी बीपी मोजलं. झोपून वरचा १३८, उभं राहिल्यावर ११२. सोमवारी धुळ्याला नेतोय, डोळ्यांचंही तिथेच बघू. खाट सैलच आहे, हे मला दिसलंच नव्हतं.

काठीचं कुणीच सांगितलं नाही पण.