पितळी तराजू: बफ मारूनही पारडी धुरकट, दांडी लगेच गंजतेय

तराजूवेडा
नमस्कार मंडळी, एक जुना हातात धरायचा तराजू हाती लागलाय. दांडी लोखंडी, पारडी पितळी, सोबत पितळी वजनांचा छोटा संच. दांडीवर लाल गंज, पारड्यांवर हिरवा कळंक. साखळ्या-कड्यांसकट सगळं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, सकाळी ब्रशने घासल्यावर गंज सुटला, दांडी छान राखाडी निघाली. पण धुऊन पुसून ठेवली तर तासाभरात तिच्यावर परत नारिंगी थर. आणि पारड्यांच्या कडेला गुलाबी डाग पडलेत ते वेगळेच. पारडी मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, नंतर बारीक ६००, आणि मग थेट ग्राइंडरला बफ, म्हणजे कापडी चाक, लावून पॉलिश. समोरून बघितलं तर झकास दिसतात पण उजेडात तिरकी धरली की सगळीकडे धुरकटपणा, चेहरा दिसतो पण डोळे कुठे नाक कुठे कळत नाही. बफवर कुठला मसाला (पॉलिशची वडी) वापरू म्हणजे आरशासारखं होईल? वजनंही अशीच चमकवायचीत.

कानसवाला
मसाला बदलून काही होणार नाही हो. चमक बफवर येत नाही, ती पेपरवरच यायला लागते, बफ फक्त शेवटचा हात मारतो. २२० वरून ६०० वर उडी मारली की २२० चे चरे खाली तसेच राहतात, ६०० त्यांचे माथे तेवढे घासतो, आणि बफ तर मऊच, तो त्या चऱ्यांच्या कडा गोल करून टाकतो. म्हणून चरा म्हणून दिसत नाही पण उजेड मात्र विखुरतो, तोच तुमचा धुरकटपणा.

त्यामुळे परत मागे जा. पण २२० वर नको, पारडं पातळ असतं. ३२० ने सुरू करून बघा, जुने चरे निघतात का, नाही निघाले तरच खाली उतरा. मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, वाटलं तर २०००. वॉटर पेपर घ्या, पाण्यात साबणाचा थेंब टाका, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला. ३२० उभा मारला तर ४०० आडवा. आडवं घासताना उभी एकही रेघ शिल्लक दिसत असेल तर पुढचा पेपर हातात घ्यायचाच नाही. कंटाळा इथेच येतो आणि सगळं काम इथेच बिघडतं. दोन नंबरांच्या मध्ये पारडं, हात, पाण्याचं भांडं सगळं धुवा, मागच्या पेपरचा एक कण जरी राहिला तरी १५०० वर असताना लांबच लांब चरा पाडतो आणि मग परत मागे.

बफचं म्हणाल तर तपकिरी ट्रिपोली हा जाड मसाला आधी, लाल रूज हा बारीक मसाला शेवटी, आणि दोघांना वेगवेगळी चाकं. एकाच चाकावर दोन्ही लावले की जाड कण बारीक कणांत मिसळतात आणि चाक वाया जातं. मसाला अगदी थोडा. जास्त लावला तर त्यातली चरबी-मेण पारड्यावर लिंपली जाते आणि तेही हुबेहूब धुरकटच दिसतं. म्हणून पेपर हातात घ्यायच्या आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने एक कोपरा पुसा आणि बॅटरीच्या तिरप्या उजेडात बघा. तिथला धूर गेला तर तो मसाला होता, तेवढं पुसलं की काम झालं. राहिला तर चरे.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. सहा इंची चाक मिनिटाला २८५० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावत असते. पारड्याची पातळ कड चाकाच्या येणाऱ्या तोंडाला लागली की चाक पारडं हिसकावून घेतं आणि खाली नाहीतर तुमच्याकडे फेकतं. चाकाच्या मध्याच्या खालीच काम धरा, आणि कड नेहमी चाकाच्या जाणाऱ्या बाजूला. पारड्याच्या मागे लाकडाचा ठोकळा द्या. हातमोजे अजिबात नकोत, धागा अडकला तर बोटं आत जातात, पारडं तापलं तर पाण्यात बुडवा. साखळी तर फिरत्या बफवर कधीच धरू नका, ती हातानेच. तोंडावर पारदर्शक ढाल पाहिजेच.

पितळवेडी
गुलाबी डागांबद्दल बोलते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी विरघळून जातं आणि वर तांबं उरतं, ते गुलाबी. दुसरं असं की तुम्ही लोखंडी दांडी आणि पितळ एकाच भांड्यात ठेवलंत. आम्लात उतरलेलं तांबं लोखंडाच्या सहवासात परत धातू होऊन बसतं, लोखंडावर तर बसतंच, लोखंडी कडी अडकवलेल्या पितळावरही बसतं. पारड्यांच्या कडेलाच डाग आहेत म्हणजे कड्या तिथेच असणार.

थर बहुतेक वेळा अगदी पातळ असतो, कानसवाल्यांच्या पेपरात निघून जाईल. पुढच्या वेळी लोखंड वेगळं, पितळ वेगळं, आणि पितळ आम्लात मिनिटांच्या हिशोबात, तेही समोर उभं राहून. खरं तर कळंकाला आधी साबणाचं गरम पाणी आणि लाकडी काडी वापरून बघावी, बराचसा तिथेच निघतो.

आणि अमोनियावालं पॉलिश पारड्यांवर वापरू नका. पत्रा दाबून केलेली पारडी असली तर धातूत ताण साठलेला असतो, अशा पितळाला अमोनियाने बारीक तडे जातात. ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या अशाच तडकायच्या, घोड्यांच्या तबेल्यातल्या अमोनियामुळे, आणि त्याचं नीट कारण १९२१ मध्ये मांडलं गेलं.

हो, आणि सुरू करायच्या आधी लोहचुंबक लावला होता का? चिकटला तर ते पितळ नाही, लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, मग ३२० सोडा, १००० सुद्धा आरपार जाईल.

तराजूवेडा
चुंबक आत्ता लावला, चिकटत नाही, जीव भांड्यात पडला. टर्पेंटाइनने पुसलं तर थोडा धूर गेला पण रेघा आहेतच, म्हणजे ३२० पासूनचा सगळा प्रवास करावा लागणार. दांडीचं काय करू? परत व्हिनेगर?

ऐरण
नको. आम्लातून निघालेलं लोखंड एकदम उघडं असतं, त्यावर पाणी आणि राहिलेलं आम्ल, मग गंज धरणारच. आम्लातून काढलं की लगेच धुण्याच्या सोड्याच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग गरम पाण्याने धुवायचं, गरम असतानाच पुसायचं, हेअर ड्रायरने फटी वाळवायच्या आणि हात न थांबवता तेल. या सगळ्यात मध्ये फोन उचलायला गेलात तरी नारिंगी दिसतं. आत्ता आलेला थर बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा काथ्या) आणि तेलाने निघेल, त्यासाठी परत काही बुडवायची गरज नाही.

खोल गंज अजून असेल तर विजेने काढा. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. दांडी ऋण टोकाला, साधा लोखंडी पत्रा धन टोकाला, दोघं एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. तो पत्रा स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको, आणि आधी स्विच बंद मगच हात आत.

पण दांडीत ज्या सुऱ्या असतात ना, मधली जिच्यावर दांडी तोलते ती आणि दोन टोकांच्या जिथे पारडी लटकतात त्या, त्यांना यातलं काहीच नको. त्या कडक पोलादाच्या असतात, आम्ल आणि हायड्रोजनने ठिसूळ होतात. निघत असतील तर काढून ठेवा, नाहीतर दांडी बुडवू नका, हाताने घासा. सुरीच्या धारेवर पेपर मारायचा नाही, तेल ठेवायचं नाही. मऊ लाकडाच्या टोकाने घाण काढायची आणि कोरडं सोडायचं. धार गोल झाली की तराजू आळशी होतो, थोडं वजन टाकलं तर काटा हलतच नाही, आणि ती धार घरी परत आणणं फार कठीण. गंजाचे खड्डे राहिले तर राहू द्या. खड्ड्याच्या तळापर्यंत दांडी घासायला गेलात तर दांडीच्या दोन्ही बाजूंचं वजन बदलेल.

कानसवाला
ऐरण यांनी सांगितलंय त्यात वजनांचं जोडतो, कारण तुम्ही तीही चमकवणार म्हणालात. कृपा करून वजनांना पेपर आणि बफ दोन्ही लावू नका. घासलं की वजन कमी होतं, बस. लहान वजनांवर तर लगेच फरक पडतो. तळाला खड्डा करून शिसं भरलेलं असेल आणि त्यावर ठसा असेल तर ते शिसं वजन बरोबर करण्यासाठीच भरलेलं असतं आणि ठसा तपासणीचा असतो, त्याला बोटही लावू नका. साबणपाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं, इतकंच. पारडी लखलखीत आणि वजनं काळसर, असंच छान दिसतं, मला तर तेच जास्त आवडतं. पारड्यांचंही बघा, एक जास्त घासलं आणि एक कमी तर तराजू रिकामाच झुकेल. प्रत्येक नंबरला दोन्ही पारड्यांना सारखा हात द्या, मधूनमधून लटकवून बघत जा.

तराजूवेडा
वजनं आधीच बाजूला काढून ठेवली, नुसती धुतो. शेवटचा प्रश्न, पारड्यांवर लॅकर (पारदर्शक लेप) मारू का?

पितळवेडी
हातात घेणार असाल, तोलून बघणार असाल तर नको. लॅकरला एक ओरखडा पडला की तिथून आत दमट हवा शिरते आणि पितळ खालून काळं पडत जातं, मग सगळं लॅकर ॲसिटोनने उतरवून परत सुरुवात. मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, अगदी पातळ, सुकलं की सुती कपड्याने घासा. दांडीलाही तेच चालेल, सुऱ्या सोडून. मेण लावायच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्या आणि नंतर उघड्या बोटांनी धरू नका, घामाचा ठसा मेणाखाली अडकला तर काही दिवसांनी बोटाच्या रेघांसकट उमटतो.

तराजूवेडा
समजलं. आज ३२० उभा मारून घेतो दोन्ही पारड्यांना, फोटो १००० झाल्यावर टाकतो.