मदत हवी आहे : मजकुरी ऑनलाइन खेळात विभक्ती लागलेली वस्तूंची नावे कशी ओळखावीत?

नमस्कार.

केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा एक ऑनलाइन खेळ मी मराठीत तयार करीत आहे. त्याचा पाया डिकूमडच्या धाटणीचा आहे. कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये खुल्या केलेल्या त्या प्रणालीत प्रत्येक वस्तूला ओळखशब्दांची यादी, हातात असताना दिसणारे लघुवर्णन आणि जमिनीवर पडलेली असताना दिसणारे पूर्ण वाक्य अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. माझ्याकडे ‘जुना डबा’ हे लघुवर्णन आहे आणि ‘येथे एक जुना डबा पडला आहे.’ हे पूर्ण वाक्य.

खेळाकडून येणाऱ्या संदेशांपुरती मी एक पळवाट काढली आहे. ‘डबा उचलला’, ‘तलवार उचलली’, ‘पुस्तक उचलले’ असे भूतकाळात लिहिले तर क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून सर्वत्र ‘तुम्ही डबा उचलता’ असा वर्तमानकाळ ठेवला.

खरी अडचण खेळाडूच्या आज्ञेची आहे. ‘जुन्या डब्यात किल्ली ठेव’ असे लिहिल्यावर ‘जुना’ आणि ‘डबा’ हे दोन्ही ओळखशब्द त्या वाक्यात जसेच्या तसे कुठेच नसतात. शब्दाची फक्त सुरुवात जुळवून पाहिली, तर ‘पेटीत’ ओळखले जाते पण ‘डब्यात’ नाही, शिवाय ‘माळा’ लिहिणाऱ्याला ‘माळ’ मिळते. (इन्फोकॉमच्या सुरुवातीच्या खेळांत शब्दाची पहिली ६ अक्षरेच तपासली जात आणि इंग्रजीत ते खपूनही जाई, मराठीत मात्र अर्थाचा निम्मा भार शब्दाच्या शेपटीवर असतो.) सामान्यरूपे नियमांनी घडवावीत, की प्रत्येक वस्तूसाठी हाताने लिहावीत?

प्रतिसाद १

हाताने लिहा. नियमांना अपवाद इतके आहेत, की ते सांभाळण्यापेक्षा प्रत्येक वस्तूपुढे तिचे लिंग, सामान्यरूप आणि अनेकवचन नोंदवणे कमी कष्टाचे ठरेल. आज्ञेतील शब्दाच्या शेवटचा ‘त’, ‘ने’, ‘ला’, ‘वर’, ‘तून’ काढून उरलेला भाग फक्त सामान्यरूपाशी आणि तोही पूर्ण जुळवावा. मग ‘माळेत’ आणि ‘माळ्यात’ यांत गोंधळ उरत नाही, कारण ‘माळे’ आणि ‘माळ्या’ ही रूपेच वेगळी आहेत. खोलीत किंवा खेळाडूजवळ असलेल्या वस्तूंपुरताच शोध ठेवावा. ‘जुना’सारख्या आकारान्त विशेषणांना तिन्ही लिंगांत ‘जुन्या’ हे एकच सामान्यरूप पुरते.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

आभारी आहे. ‘माळ’ आणि ‘माळा’ आता वेगळे ओळखले जातात. मात्र ‘सुऱ्याने दोरी काप’ ही आज्ञा काही खेळाडूंना चालते आणि काहींना नाही, हे कोडे सुटलेले नाही.

प्रतिसाद ३

तो दोष ‘ऱ्या’चा आहे. काही कळफलक तेथे नुक्ता असलेला ‘ऱ’ देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आज्ञा वाचताक्षणी दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करावे. ‘दुसऱ्या पेटीत’ हेही त्याच कारणाने अडेल.