गाडी चालताना मागच्या कॅराव्हॅनची बॅटरी भरते की रिकामी होते?

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. १४ फुटी, सिंगल ॲक्सल कॅराव्हॅन आहे. ओढायला बीएस-६ डिझेल एसयूव्ही. मागे १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी, ५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, तीन एलईडी आणि एक पंखा. पुढच्या बॅटरीपासून २.५ चौ.मिमी.ची वायर ७ पिनच्या सॉकेटमधून मागच्या बॅटरीला आणली आहे. मायनसला बॉडी अर्थ. बांधणाऱ्याचं म्हणणं, इंजिन चालू झालं की मागची बॅटरी आपोआप भरणार.

भुसावळहून चोपडा-शिरपूर-शहादा करत तोरणमाळला जाताना फ्रिज चालू ठेवला. निघताना १२.७ व्होल्ट होते, वर पोचल्यावर १२.४. इंजिन चालू असताना मागे मोजलं तरी आकडा १२.५ च्या वर जात नाही. अल्टरनेटर कमजोर आहे का? मोठा टाकावा का? आणखी एक, डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे टेललॅम्पही मंद लुकलुकतात. दोन्हींचा संबंध आहे का?

वायरमन धुळे

भाऊ, अल्टरनेटरला हात लावू नका. गणित वायरचं आहे.

२.५ चौ.मिमी. तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ८ मिलिओहम. बॉनेटपासून मागच्या बॅटरीपर्यंत ९ मीटर धरा. करंट जातो तसा परत येतो, म्हणून १८ मीटर. एकूण ०.१४ ओहम. फ्रिजचे ५ अँपिअर त्यातून गेले की ०.७ व्होल्ट वायरमध्येच गेले. १० अँपिअर ओढले तर १.४ व्होल्ट. पुढे १३.२ असतील तर मागे १२.५ उरतात, तुमचा आकडा नेमका तोच आहे. लेड-ॲसिड बॅटरी नीट भरायला तिच्या टर्मिनलवर १४.४ लागतात. १२.५ वर ती भरत नाही, फार तर फ्रिजचं ओझं थोडं हलकं होतं.

खात्री करायची तर रिकाम्या वायरवर मीटर लावू नका. वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी लोडशिवाय १४ व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. एच४ चा ६०/५५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या आणि दोन्ही फिलॅमेंट एकत्र जोडून मागच्या टोकाला लावा. ९-१० अँपिअरचा लोड झाला. मागच्या बॅटरीचं प्लस आधी सोडवून ठेवा, नाहीतर बल्ब तिच्यावरच पेटेल. आता मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर (लांब वायर जोडून घ्या), दुसरी ट्रेलरमधल्या प्लसवर. दिसेल तो आकडा थेट घट आहे. मायनस ते मायनस तसंच मोजा. निम्म्या वेळा खरी घट मायनसच्या बाजूलाच सापडते, कारण बॉडी अर्थचा बोल्ट पावडर कोटिंगवर कसलेला असतो.

क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी अँपिअर दाखवतो का ते आधी बघा. बाजारातले स्वस्त मीटर बहुतेक फक्त एसीचे असतात, डीसीवर शून्यच दाखवतात.

आणि त्या वायरला पुढच्या बॅटरीपाशी फ्यूज आहे का? नसेल तर आजच १५ अँपिअरचा टाका. चेसिसला घासून ती उघडी पडली तर इन्सुलेशन पेटायला वेळ लागत नाही.

सातपुडा ४बाय४, शहादा

वायरमनदादांचं गणित बरोबर आहे, पण फक्त जाड वायर टाकून बीएस-६ गाडीत काम भागणार नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इसीयू (इंजिनचा कंप्युटर) ठरवतो. स्टार्टनंतर काही वेळ १४.४, मग पुढची बॅटरी भरली की डिझेल वाचवायला १२.५ ते १३. ब्रेक किंवा इंजिन ब्रेकिंगच्या वेळी १५ पर्यंत उडी. सात पायरीचा घाट चढताना आकडा खाली आणि उतरताना वर दिसला तर अल्टरनेटर स्मार्ट आहे असं समजा. बाराशे रुपयांचा व्होल्टेज सेन्सिंग रिले लावला तर तो दोन्ही बॅटऱ्या १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. असल्या गाडीत तो दिवसभर टकटक करत बसतो. आणि तुमच्याकडे तर रिलेच नाही. पुढचा व्होल्टेज पडला की मागची बॅटरीच पुढे करंट देते. मुक्कामाला प्लग तसाच राहिला तर सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही, ते वेगळंच.

याला उपाय डीसी-डीसी चार्जर, १२ ते १२ व्होल्ट, १८ अँपिअरचा. आत १२ आले काय न् १५ आले काय, बाहेर १४.४ च देतो आणि बॅटरी भरली की फ्लोटवर (भरलेली टिकवण्यापुरत्या कमी व्होल्टेजवर) येतो. १५० एएचला १८ अँपिअर पुरेसा आहे. ३० अँपिअरचा घेऊ नका, तो पुढून ४० च्या आसपास ओढतो. अल्टरनेटरवर लिहिलेले १२० अँपिअर थंड असताना आणि जोरात फिरतानाचे असतात. भरउन्हात, घाटात, गाडीचा एसी चालू असताना तेवढे मिळत नाहीत.

जोडणी अशी:

पुढच्या बॅटरीच्या प्लसपासून २० सेंमी.च्या आत ४० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने कसायचा). तिथून बंपरपर्यंत १६ चौ.मिमी.ची वायर, प्लस आणि मायनस दोन्ही. चेसिसच्या भरवशावर मायनस सोडू नका. हूकच्या बॉलमधूनही अर्थ येतो असं काही जण सांगतात, पण तिथे ग्रीस आणि खडखडाट दोन्ही असतात. बंपरवर ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, तोच तो ई-रिक्षाच्या बॅटरीला असतो तसला चपटा, दोन पिनांचा. ७ पिनच्या सॉकेटकडे फक्त दिवे ठेवा.

चार्जर ट्रेलरमध्ये, मागच्या बॅटरीच्या जवळ बसवा. पुढे बसवला तर घट त्याच्या आउटपुटनंतर होते आणि पैसे वाया. चार्जर आणि बॅटरी यांच्यामध्ये, बॅटरीच्या टोकाला ३० अँपिअरचा फ्यूज, कारण बॅटरी हाही करंटचा स्रोत आहे. चालू होण्याचा सिग्नल इग्निशनवरून द्या. नुसत्या व्होल्टेजवर इंजिन ओळखणारी सेटिंग स्मार्ट अल्टरनेटरसमोर गोंधळते.

१८ अँपिअर × १४.४ = २५९ वॅट. चार्जरमधली उष्णता धरून पुढून सुमारे ३०० वॅट, म्हणजे १२.५ ला २४ अँपिअर. १६ चौ.मिमी.चा रोध १८ मीटरला ०.०२२ ओहम, घट अर्धा व्होल्ट. एवढी चार्जर सहज पेलतो. पाच तासांच्या प्रवासात फ्रिजचं वजा जाऊनही बॅटरीत ६०-७० एएच पडतील.

तापीकाठ, भुसावळ

म्हणजे रोगाचं मूळ वायर आणि औषध चार्जर. बरं, ट्युब्युलरऐवजी लिथियम टाकली तर? आणि छतावर सोलर लावून चालता-चालता दीड टनी नाही तरी एक टनी एसी चालेल का? मे महिन्यात पोचल्यावर आत भट्टी झालेली असते.

केळीबाग, रावेर

एसीचं आधी. एक टन म्हणजे १००० ते १२०० वॅट. इन्व्हर्टरमार्गे १२ व्होल्टवर ते १०० अँपिअर होतात. १५० एएचची ट्युब्युलर एवढ्या ओढीला तासभरही टिकत नाही. १८० वॅटचं पॅनल छतावर आडवं, तापलेलं, वर धूळ, असं दिवसाला ६००-६५० वॅट-अवर देतं. त्यात फ्रिज निघतो (चालू असताना ४-५ अँपिअर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ चालूच), एसी नाही. पोचल्यावर २३० व्होल्टवर लावा. शेतातल्या लाइनवर जोडताना ट्रेलरच्या आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी आणि अर्थ खरा आहे का ते टेस्टरवर भरवसा न ठेवता फेज-अर्थ लोडखाली मोजून बघा.

लिथियम चांगली, पण दोन अटींवर. ती थेट अल्टरनेटरला जोडायची नाही. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की वायर देईल तेवढं ती ओढते. डीसी-डीसी असेल तरच. दुसरी अट आपल्या मुलखाची. बऱ्याच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते. जळगाव-भुसावळला मेमध्ये बाहेरच ४५ होतात, बंद ट्रेलरच्या पेटीत त्याहून वर. मग बीएमएस (बॅटरीतलंच रक्षक सर्किट) चार्जिंग तोडतो आणि लोक चार्जर खराब म्हणून परत पाठवतात. पेटी जमिनीलगत, सावलीच्या बाजूला घ्या, खालून-वरून जाळी ठेवा. चार्जरलाही हवा लागते, तापला की तो स्वतःच करंट कमी करतो.

ट्युब्युलर ठेवायची तर एक लक्षात घ्या, ती घरच्या इन्व्हर्टरसाठी केलेली आहे. उंच डबा, खड्ड्यांत ॲसिड उसळतं. पट्ट्याने आवळा, वायू बाहेर जायला नळी काढा आणि पंधरा दिवसांनी पाणी बघा. १२.२ च्या खाली नेऊ नका.

फ्रिज आदल्या रात्री घरच्या लाइनवर थंड करून, पाण्याच्या बाटल्यांनी भरून निघालात तर दिवसाचा निम्मा भार तिथेच कमी होतो. फ्रिजची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली असेल तर काढा. कॉम्प्रेसर सुरू होताना तिथे व्होल्टेज पडतो आणि फ्रिज लो-व्होल्टेज दाखवून बंद होतो.

वायरमन धुळे

टेललॅम्पचं राहिलं होतं. इंडिकेटरबरोबर दुसरे दिवे लुकलुकणं म्हणजे अर्थ तुटलेला किंवा कमजोर. परतीचा रस्ता नसला की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलॅमेंटमधून वाट काढतो. तुमच्याकडे चार्जिंगचाही मायनस तिथूनच जात होता, म्हणून संबंध आहे.

७ पिनमध्ये साधारण ठरलेलं असं: १ डावा इंडिकेटर पिवळी, २ मागचा फॉग निळी, ३ अर्थ पांढरी, ४ उजवा इंडिकेटर हिरवी, ५ उजवा टेल तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावा टेल काळी. तुमची चार्जिंगची वायर बहुधा २ नंबरवर घुसवली असेल. आपल्याकडचे बांधणारे रंग पाळतातच असं नाही, पिन नंबरवरून तपासा. ३ नंबरची वायर ट्रेलरच्या चेसिसला जिथे बसते तिथला बोल्ट काढा, रंग खरवडून चकचकीत धातू करा, दातेरी वॉशर घाला, कसा, वरून व्हॅसलीन. सॉकेटच्या पिनांवर हिरवा चिकटा असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. काळ्या मातीचा चिखल आत गेला की पावसाळ्यानंतर हे होतंच.

एलईडी दिव्यांमुळे इंडिकेटर भराभर मारत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. बायपास रिले लावा, तो करंट बॅटरीवरून घेतो आणि गाडीकडून फक्त इशारा.

१६ चौ.मिमी.ची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. झाळू नका. झाळलेला सांधा कडक होतो आणि ट्रेलरच्या हादऱ्याने झाळ संपते तिथेच वायर मोडते.