झाक रूमां: देव नको, पण देवाचे ढोल हवेत?

सडेतोड:
हैतीचा लेखक झाक रूमां (१९०७–१९४४) याला एवढं डोक्यावर का घेतात, मला कळत नाही. आजोबा राष्ट्राध्यक्ष, शिक्षण स्वित्झर्लंडात. १९३४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष काढला, इथवर ठीक. पण १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेस्कोच्या राजवटीत स्वारी मानववंशशास्त्राची सरकारी कचेरी काढते आणि पुढे मेक्सिकोत त्याच सरकारची वकिलात सांभाळायला जाते! त्याच लेस्कोने चर्चला व्हूडूवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या आफ्रिकी वळणाच्या धर्मावर, मोकळं सोडलं होतं. शिवाय रूमांची स्वतःची व्हूडूवर श्रद्धा नाही. म्हणजे शेतकऱ्याचा देव कपाटात मांडून ठेवायचा?

रानपाखरू:
रूमांचा मधला तुरुंग आणि हद्दपारी सोयीस्करपणे गाळलीत. चर्चच्या 'अंधश्रद्धाविरोधी मोहिमे'त लोकांना व्हूडू सोडल्याच्या शपथा घ्यायला लावत. पाद्र्यांच्या परसात ढोल, रंगवलेली भांडी, माळा यांचे ढीग जाळण्यासाठी रचलेले. मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेद मेत्रोने ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय. त्या वातावरणात रूमांने जाहीरपणे लिहिलं की मोहीम काढायचीच तर गरिबीविरुद्ध काढा. कपाटात ठेवलं म्हणता, पण नाहीतर त्याची राख झाली असती. (आपल्याकडचा अंधश्रद्धेचा वाद कृपया इथे नको, धागा हायजॅक होईल.)

सडेतोड:
व्हूडूतल्या असोतोर नावाच्या ढोलाच्या विधीवरचा त्याचा अभ्यास १९४३ चा, आणि फ्रेंचमध्ये. शेतकरी बोलतो क्रिओल, तिथली लोकभाषा. वाचणार कोण, राजधानी पोर्तोप्रिन्सचे वकील?

पुस्तकी किडा:
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी त्याची शेवटची कादंबरी वाचा. रूमां सदतिसाव्या वर्षी गेला, त्यानंतर काही महिन्यांनी ती आली. क्युबातल्या उसाच्या मळ्यांतून परतलेला मान्वेल आईबापांनी मांडलेल्या पूजेत सगळ्यांबरोबर नाचतो. नंतर सांगतो, पूर्वजांच्या चालीरीतींचा मान राखतो, पण कोंबड्याच्या नाहीतर बकऱ्याच्या रक्ताने पाऊस पडत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. याला तुम्ही दुटप्पीपणा म्हणाल. मला तो खरा वाटतो.

सडेतोड:
वाचलीय. संपाची भाषा क्युबाहून शिकून आलेला हिरो गावाला पाणी दाखवतो. गावात राहिलेले सगळे ठोंबेच का?

रानपाखरू:
झरा मान्वेलने शोधला, पण पाणी शेतात आणलं गावाने, तेही त्याच्या खुनानंतर, आपसातलं वैर मिटवून. आणि आणलं कसं? 'कुंबित' करून. ढोलाच्या तालावर सगळ्यांनी मिळून कुदळ मारायची ही त्यांचीच जुनी रीत, क्युबाहून आलेली नव्हे.