मदत हवी आहे: गॅदरिंगमधी 'रास्पुतीन' थिल्लर वाटते का?

कपाशीचं_फूल: लवकर सांगा बावा, उद्या दहाच्या आत मले हो का नाही ते कळवाचं आहे. 'रास्पुतीन' या इंग्रजी गाण्यावर डान्स बसवून राहिली मी, पंधरा दिवस झाले, टोप्या शिवून झाल्या, पोट्टे मस्त नाचून राहिले अन् आज एक सर सर्वांसमोर म्हणे हे गाणं थिल्लर आहे, इतिहासाची टिंगल आहे, बदला. खरंच आहे का?

शकुंतला_रेल्वे: ओरिजिनल का रिमिक्स? पोट्टे कितवीचे? हे न सांगता काय सांगाव ताई?

मोहफूल: चाल उडती म्हणून थिल्लर म्हणत असन तर आपली खडीगंमतही थिल्लरच ठरते मंग. तिच्यातही नाचतनाचतच पुराण सांगतात अन् म्हातारे रातभर बसून ऐकतात.

कपाशीचं_फूल: ओरिजिनलच, बोनी एम या बँडचं, १९७८ चं. सातवी.

निवृत्त_गुरुजी: ताई, मी आयुष्यभर इतिहास शिकवला. गाण्यात रास्पुतीनला रशियाच्या राणीचा प्रियकर म्हटलंय, त्याला पुरावा नाही. झारचा, म्हणजे रशियाच्या सम्राटाचा, मुलगा अलेक्सी, त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, डॉक्टर हतबल, आणि या सायबेरियातल्या शेतकऱ्याच्या प्रार्थनेनं मुलगा वाचतो असं आईला वाटायचं. राजवाड्यात त्याचं वजन वाढलं ते त्यातून. १९१६ च्या डिसेंबरात त्याला मारलं, त्याला आधी विष दिल्याची गोष्ट मारणाऱ्या युसुपोवनंच नंतर लिहिली. तुमचे सर चूक नाहीत. पोवाडा बसवा.

शकुंतला_रेल्वे: गुरुजी गाणं म्हणजे काही पाठ्यपुस्तक नाही. पोवाड्यातही शाहीर चढवून सांगतोच, तवा कोणी पुरावा मागत नाही.

निवृत्त_गुरुजी: पोवाडा ज्याचा आदर करतो त्याला मोठं करतो. इथे एका बाईची, त्या राणीची, बदनामी आहे, तिला १९१८ मध्ये लेकरांसकट गोळ्या घातल्या. फरक आहे.

डीजे_आर्णी: साउंड कोनाचा आहे? या गाण्याले दोन टॉप दोन बेस तरी पाहिजे, शाळेच्या भोंग्यावर सुरुवातीचा ढोलच ऐकू येणार नाही.

मोहफूल: बोनी एममधी स्टेजवर नाचणारा बॉबी फॅरेल होता पण पुरुषाचा आवाज निर्माता फ्रँक फारियनचा. अन् बॉबी वारला तो सेंट पीटर्सबर्गमधीच, ३० डिसेंबर २०१० ले. रास्पुतीन गेला तेच शहर, तीच तारीख. चाल ऐकाल तर जुन्या तुर्की लोकगीताशी, कातिबिमशी लय जुळते. इतकं सारं ज्याच्यात आहे ते थिल्लर कसं म्हणाव?

निवृत्त_गुरुजी: त्याचा सातवीच्या मुलांशी काय संबंध? ताई, हेच गाणं का निवडलं ते तुम्ही सांगितलंच नाही.

कपाशीचं_फूल: सांगते. मले वाटलं ते काही सांगाची गोष्ट नाही. आमच्या वर्गात दोघं सिकलसेलचे आहेत, एकीले थंडीत असं दुखते का बाकावर पाय पोटाशी घेऊन बसते, पोट्टे तिले नाटक करते म्हणत. मी अलेक्सीची गोष्ट सांगितली तं तिनं विचारलं, मॅडम राजाच्या पोराले पण रक्ताचीच बिमारी होती का? मी फळ्यावर काढून दाखवलं, सिकलसेलमधी रक्तपेशी विळ्यावानी वाकते, हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही, बिमाऱ्या वेगळ्या पण दोन्ही वारशानं येते. त्या दिवसापासून तिले कोणी नाटक म्हटलं नाही. डान्समधी अलेक्सी तीच होते, खाटेवर पांढरी चादर घेऊन बसते. कसं बदलू मी हे?

निवृत्त_गुरुजी: हे आधी लिहायला हवं होतं. डान्स ठेवा. फक्त तो प्रियकराचा उल्लेख काढा.

शकुंतला_रेल्वे: तो तं धृपदातच आहे गुरुजी, काढल्यावर राहते काय?

मोहफूल: नुसतं म्युझिक वाजवा न. मधात पोट्टे मराठीत गोष्ट सांगतीन, खडीगंमतवानी.

कपाशीचं_फूल: हे जमते. सरांनाही हेच सांगते उद्या. पण बिनशब्दाचा ट्रॅक कुठी भेटन एवढ्या लवकर?

डीजे_आर्णी: माझ्यापाशी आहे. पेनड्राइव्ह घेऊन या सकाळी आठले, अन् बेसचं तेवढं सांगा आता.